एका अक्षराचा फरक
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला की घरातली माणसे आवाज खाली आणतात. काही जण तर त्याचे नावही घेत नाहीत, ‘तो मोठा आजार’ एवढेच म्हणतात. ज्या गोष्टीचे नाव घ्यायची भीती वाटते तिच्याविषयी माहिती कमी आणि समजुती जास्त असतात. आमच्या भागात या रोगाविषयी दोन वाक्ये मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पहिले, ‘तो रक्तातूनच येतो, खानदानात असतो.’ दुसरे, ‘अंगाला औषधाची सवय झाली, आता गोळी लागू पडायची नाही.’ या दोन वाक्यांत खरे किती आणि खोटे किती, हे पाहण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे.

कला शाखेच्या मुलीने हा विषय का घ्यावा, असे वाचकांना वाटेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणाचाही तपासणीचा कागद आला की तो माझ्या हातात येतो. ‘तू शिकलीस ना, मग वाच,’ असे म्हटले जाते. माझे शिक्षण मराठी आणि इतिहासाचे आहे हे त्यांना कसे सांगावे? म्हणून ग्रंथालयातली पुस्तके काढली, जीवशास्त्राच्या सरांना भंडावून सोडले आणि जे समजले ते माझ्यासारख्यांना समजेल अशा भाषेत लिहून काढले.

पेशींची पोथी

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. त्यांची संख्या तीस ते सदतीस लाख कोटी असावी असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनए या रसायनाचा गुंडाळलेला लांब धागा. त्या धाग्यावर फक्त चार अक्षरांची लिपी आहे: ए, टी, जी आणि सी. या चार अक्षरांत शरीराचा सगळा ग्रंथ लिहिला आहे. गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. या ग्रंथातले एकेक प्रकरण म्हणजे एकेक जनुक. प्रथिने बनवण्याच्या कृती सांगणारी अशी सुमारे वीस हजार जनुके माणसात आहेत. प्रथिने हीच पेशीतली कामकरी मंडळी.

पेशी विभागते तेव्हा हा सगळा ग्रंथ तिला उतरवून काढावा लागतो, कारण एकीच्या दोन झाल्या की दोघींनाही एकेक प्रत हवी. हाडांच्या पोकळीतल्या मगजात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या रक्तपेशी तयार होतात. यावरून उतरवण्याचे काम किती अवाढव्य आहे याची कल्पना यावी.

आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना ‘पाठभेद’ हा शब्द परिचित आहे. छापखाने नव्हते तेव्हा लेखनिक पोथ्या हाताने उतरवून घेत. कुठे काना राहून जाई, कुठे ओळ गळे. एका प्रतीत चूक शिरली की त्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती चूक जाई. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच कारणासाठी. पेशीतही नेमके हेच घडते. उतरवताना एखादे अक्षर बदलते, गळते किंवा जादा पडते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. तंबाखूतली विषारी द्रव्ये, सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि काही विषाणू अशा चुका वाढवतात. पण काहीही बाहेरून न लागता, केवळ उतरवण्याच्या ओघातही काही चुका होतच राहतात. पेशीपाशीही दुरुस्ती करणारी प्रथिने आहेत. ती बहुतेक चुका दुरुस्त करतात. ज्या राहतात त्यांतल्याही बऱ्याचशा निरुपद्रवी असतात.

पण क्वचित एखादी चूक भलत्या ठिकाणी पडते. ‘पुरे झाले की थांबावे’ या वाक्यात एक ‘न’ घुसला तर ‘पुरे झाले की न थांबावे’ असे होते. वाक्य व्याकरणाने शुद्ध, अर्थ मात्र उलटा.

चालवणारी आणि आवरणारी जनुके

पेशींच्या वाढीवर दोन प्रकारच्या जनुकांचा ताबा असतो. काही जनुके ‘विभागा’ असे सांगतात, तर काही ‘थांबा’ असे सांगतात. जखम भरताना पहिल्यांची गरज, जखम भरली की दुसऱ्यांची. बैलगाडीला बैलही लागतात आणि कासराही लागतो, तसेच हे. पहिल्या प्रकारच्या जनुकात बिघाड होऊन ते सतत ‘विभागा’ म्हणत राहिले तर त्याला कर्कजनुक म्हणतात. दुसऱ्या प्रकारचे जनुक निकामी झाले तर कासराच तुटतो. ‘पी-५३’ नावाचे प्रथिन अशा आवरणाऱ्यांपैकी प्रमुख आहे. पेशीच्या ग्रंथात फार चुका झाल्या तर ते विभाजन थांबवते, आणि चुका दुरुस्त होण्यापलीकडच्या असतील तर त्या पेशीला स्वतःचा नाश करायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचेच जनुक बिघडलेले आढळते.

बहुतेक कर्करोगांना एक चूक पुरत नाही. काही चुका एकाच पेशीच्या वंशात एकापुढे एक साचाव्या लागतात आणि त्याला वर्षे लागतात. म्हणूनच हा रोग उतारवयात अधिक दिसतो. पण एक रोग असा आहे की त्याच्या मुळाशी असलेली मुख्य चूक शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता आली. त्याचीच गोष्ट मी विस्ताराने सांगणार आहे.

फिलाडेल्फियाचे लहानसे गुणसूत्र

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड हे दोन संशोधक एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी तपासत होते. या रोगात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात, थकवा येतो, वजन घटते आणि डाव्या बरगडीखालची पाणथरी सुजते. त्याचे इंग्रजी नाव लांब आहे, डॉक्टर त्याला ‘सीएमएल’ म्हणतात. १९६० साली या दोघांनी सांगितले की या रुग्णांच्या बिघडलेल्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसते. त्या शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणू लागले.

ते लहान का झाले, तुटलेला तुकडा कुठे गेला, हे मात्र तेरा वर्षे कळले नाही. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली या बाईंनी ते कोडे सोडवले. चार मुलांची ही आई गुणसूत्रांची छायाचित्रे घरी आणून, कात्रीने कापून जेवणाच्या टेबलावर जुळवीत बसे. त्यांच्या लक्षात आले की २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो ९ क्रमांकाच्या गुणसूत्राला चिकटला आहे, आणि ९ चा एक लहान तुकडा २२ ला. दोन पोथ्यांची बांधणी एकाच वेळी उसवावी आणि शिवताना एकीची शेवटची पाने दुसरीला लागावीत, तसा हा प्रकार होता.

या अदलाबदलीत ९ वरचे ‘एबीएल’ हे जनुक २२ वरच्या ‘बीसीआर’ या जनुकाला जोडले जाते आणि एक नवेच जोडजनुक तयार होते. मूळचे एबीएल पेशीला वाढीचा निरोप देते, पण गरजेपुरताच. जोडजनुकापासून बनणारे प्रथिन मात्र निरोप देणे थांबवतच नाही. विहिरीवरचा पंप चालू करून कळच मोडून टाकावी तसे होते. १९९० साली हे जोडजनुक उंदरांच्या मगजातल्या पेशींत घातले तेव्हा उंदरांनाही तसाच रोग झाला. चूक आणि रोग यांचे नाते सिद्ध झाले.

खानदान की अपघात?

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. ही अदलाबदल रुग्णाला आईबापांकडून मिळत नाही. त्याच्या आयुष्यात केव्हातरी, मगजातल्या रक्त बनवणाऱ्या एकाच मूळ पेशीत ती घडते. त्या एका पेशीची संतती वाढत वाढत सगळा मगज व्यापते. रुग्णाच्या कातडीच्या पेशींत ही चूक नसते. पुढची पिढी ज्या बीजपेशींतून जन्मते त्यांतही ती नसते. म्हणून ती मुलाबाळांत उतरत नाही.

हे मी मुद्दाम ठासून सांगते आहे, त्याला कारण आहे. माझ्या मामांना हाच रोग आहे. २०१६ साली त्याचे निदान झाले. आज ते रोज गोळी घेतात, सकाळी शेतात जातात, संध्याकाळी पारावर बसतात. गेल्या वर्षी मामेबहिणीला चांगले स्थळ आले होते. पसंती झाली, देण्याघेण्याचे बोलणे झाले, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मग कोणीतरी मुलाकडच्यांच्या कानावर मामांचा आजार घातला आणि ‘रक्तातच रोग आहे, पुढे पोरांना होईल’ असा निरोप आला. मामी दोन दिवस जेवल्या नाहीत. ताई काहीच बोलली नाही. ती कापूस वेचायला निघून गेली. ज्या पेशीत ती चूक घडली तिचा ताईशी काडीचा संबंध नाही, हे सांगणारे त्या बैठकीत कोणीच नव्हते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही कर्करोगांत बिघडलेले जनुक आईबापांकडून येते. स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित ‘बीआरसीए-१’ आणि ‘बीआरसीए-२’ ही जनुके १९९४ आणि १९९५ साली ओळखली गेली. पण असे आनुवंशिक कर्करोग एकूण कर्करोगांत शेकडा पाच ते दहाच असतात. त्यांतही वारशाने येतो तो वाढलेला धोका. रोग होईलच असे नाही. अशा घरांतल्या माणसांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन वेळेवर तपासण्या करून घ्याव्यात. लग्ने मोडून रोग हटत नाही.

कुलपात अडकलेली किल्ली

चूक नेमकी कोणती हे कळल्यावर तिच्यावर नेमका इलाज शोधता येईल का? जुनी औषधे विभागणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात. तणाबरोबर पीकही जळते. स्वित्झर्लंडच्या एका औषध कंपनीत निकोलस लिडन आणि त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेत ब्रायन ड्रुकर हे डॉक्टर यांनी वेगळा मार्ग धरला. जोडजनुकाच्या प्रथिनात एक खोबण असते. तिथे पेशीचे इंधन येऊन बसते, तेव्हाच ते प्रथिन निरोप पाठवू शकते. त्या खोबणीत नेमके बसेल असे रसायन त्यांनी निवडले. कुलपात तुटकी किल्ली अडकून बसली की खरी किल्ली आत जात नाही, तसे हे. त्या औषधाचे नाव इमॅटिनिब.

१९९८ साली रुग्णांवर त्याची पहिली चाचणी सुरू झाली. जुन्या उपचारांना दाद न देणाऱ्या ज्या ५४ रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा दिली, त्यांतल्या ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींची संख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पूर्वी या रोगाचे बरेच रुग्ण निदानानंतर चार-पाच वर्षांत दगावत. आता वेळेवर निदान झालेले आणि नियमित गोळी घेणारे बहुतेक रुग्ण जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगतात.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरे झाले असते!

तीनशे पंधरावी जागा

काही रुग्णांत, विशेषतः ज्यांचा रोग पुढच्या अवस्थेत गेला होता त्यांच्यात, गोळी काही महिने उत्तम चालली आणि मग पेशी पुन्हा वाढू लागल्या. असे का व्हावे? २००१ सालीच चार्ल्स सॉयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधले. त्या पेशींतल्या जोडजनुकात आणखी एक चूक झाली होती. प्रथिन हे अमिनो आम्लांच्या माळेसारखे असते. त्या माळेतल्या ३१५ व्या मण्याची कृती जनुकात ‘एसीटी’ या तीन अक्षरांनी लिहिलेली असते. तिथे मधल्या ‘सी’च्या जागी ‘टी’ आला आणि ‘एटीटी’ झाले. त्यामुळे थ्रिओनिन या आम्लाच्या जागी आयसोल्युसिन हे आम्ल बसले. ही जागा बरोबर त्या खोबणीच्या तोंडाशी आहे. जुना मणी औषधाला धरून ठेवण्यास मदत करी. नवा मणी अंगाने जाड असल्याने औषधाला आत शिरू देत नाही. इंधन मात्र पूर्वीसारखेच आत जाते.

तीनशे कोटी अक्षरांच्या ग्रंथात एक अक्षर बदलले आणि इतक्या वर्षांच्या परिश्रमातून निघालेली गोळी निष्प्रभ झाली. पुढे अशाच बदलाच्या आणखी कितीतरी जागा सापडल्या, पण ३१५ वी जागा सर्वांत हट्टी ठरली.

अंगाला सवय होते का?

आता दुसरे वाक्य. गोळी चालेनाशी झाली की लोक म्हणतात, ‘अंगाला सवय झाली.’ हे म्हणणे चहाच्या किंवा विडीच्या सवयीवरून सुचलेले दिसते. पण इथे अंगाचा संबंध नसतो, आणि कुठलीही एक पेशी औषधाला ‘सरावत’ गेलेली नसते.

आमचा भाग कापसाचा आहे, म्हणून कापसाचाच दाखला देते. बोंडअळी मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणारी बीटी कपाशी भारतात २००२ साली आली आणि तिचा सुधारलेला प्रकार २००६ साली. पहिली काही वर्षे बोंडे स्वच्छ राहिली. पण २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीचे अतोनात नुकसान केले. तीच कपाशी, तेच प्रथिन, मग अळी मेली का नाही? एखाद्या अळीने विष थोडे थोडे खाऊन ते पचवायला शिकून घेतले असे झाले नव्हते. कोट्यवधी अळ्यांत ज्या थोड्या अळ्यांच्या जनुकांत आधीच असा बदल होता की विष त्यांना बाधत नव्हते, त्या तेवढ्या जगल्या. बाकीच्या मेल्यामुळे सगळे रान त्यांना मोकळे मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच प्रजा वाढली. विषाने तो बदल घडवला नाही, विषाने त्याची निवड केली.

रोग्याच्या मगजातही असेच घडते. निदानाच्या वेळी बिघडलेल्या पेशींची संख्या एक लाख कोटींच्या घरात असू शकते. इतक्या प्रती उतरवल्यावर त्यांत कुठेतरी ३१५ व्या जागेची चूक आधीच होऊन बसलेली असण्याचा संभव असतो. काही रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या रक्तातही अशा पेशी अत्यल्प प्रमाणात सापडल्या आहेत. गोळी सुरू झाली की बाकीच्या पेशी मरतात, त्या मात्र उरतात. जंतूंच्या बाबतीत असे बदल आधीच आणि आपोआप झालेले असतात हे साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ सालीच प्रयोगाने दाखवले होते. कर्करोगाची गाठ म्हणजे एकाच पेशीपासून निघून सतत बदलत आणि निवडला जात असलेला पेशींचा वंश आहे, हा विचार १९७६ साली मांडला तो फिलाडेल्फियाच्या त्याच पीटर नोवेल यांनी.

पेशींच्या युक्त्या आणि माणसाचे उत्तर

खोबण बदलणे ही एकच युक्ती नाही. काही पेशी बिघडलेल्या जनुकाच्या जादा प्रती करतात, मग औषध पुरे पडत नाही. काहींच्या आवरणावर पंपासारखी प्रथिने वाढतात आणि आत आलेले औषध बाहेर फेकले जाते. काही पेशी बंद झालेला रस्ता सोडून वाढीचा निरोप दुसऱ्याच रस्त्याने पाठवतात. फुप्फुसाच्या एका कर्करोगातही, ठरावीक जनुकाविरुद्धची गोळी चालू असताना, त्या प्रथिनाच्या खोबणीशी असाच एका आम्लाचा बदल होऊन औषध थांबल्याचे २००५ साली दिसून आले. म्हणजे सीएमएलचा धडा त्या एका रोगापुरता नव्हता.

माणूसही स्वस्थ बसलेला नाही. इमॅटिनिबला न जुमानणाऱ्या बऱ्याच बदलांवर चालणारी डॅसॅटिनिब २००६ साली आणि निलोटिनिब २००७ साली आली. या दोन्ही ३१५ व्या जागेपुढे मात्र हरल्या. त्या जाड मण्याला वळसा घालून जाणारी पोनॅटिनिब २०१२ साली आली, पण तिच्यामुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असल्याने ती फार जपून द्यावी लागते. २०२१ साली मान्यता मिळालेली ॲसिमिनिब तर त्या खोबणीकडे जातच नाही, ती प्रथिनाला दुसऱ्याच ठिकाणी पकडते.

आणखी एक उपाय जुनाच आहे, तो म्हणजे एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देणे. क्षयाच्या रोग्याला तीन-चार औषधे एकदम का देतात, हे यावरून कळते. समजा एक कोटी पेशींमागे एक पेशी पहिल्या औषधाला दाद देत नाही, आणि एक कोटींमागे एक दुसऱ्याला. दोन्हींना एकदम दाद न देणारी पेशी मग एक कोटी गुणिले एक कोटी, म्हणजे शंभर लाख कोटींत एक निघेल. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर १९६० नंतरच्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीनेच यश येऊ लागले.

यातूनच दुसरी गोष्टही स्पष्ट होते. पेशींची संख्या जितकी कमी, तितकी चुकांची शक्यता कमी. रोग लवकर ओळखण्याचे आणि पेशी सतत दाबून ठेवण्याचे महत्त्व इथे आहे.

गोळी, पैसा आणि नेम

पेशी दाबून ठेवायच्या तर गोळी रोज पोटात गेली पाहिजे, आणि त्यासाठी ती परवडली पाहिजे. मूळ कंपनीच्या इमॅटिनिबचा भारतातला खर्च महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांच्या आसपास मिळे. मूळ कंपनी काही हजार रुग्णांना औषध मोफत देत होती हेही खरे, परंतु तिने औषधाच्या एका रूपावर भारतात पेटंट मागितले होते. ते मिळाले असते तर भारतीय कंपन्यांना तसे औषध बनवता आले नसते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. जुन्याच औषधाच्या नव्या रूपाने गुण वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पेटंट नाही, हे आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) त्या निकालाचा आधार होते. औषधावरचा निकाल आणि एका शेतकऱ्याच्या मगजातल्या पेशी यांचा संबंध किती जवळचा आहे, हे मला अभ्यास करतानाच कळले.

बोंडअळीचे ते २०१७ साल मामांनाही जड गेले. हातात पैसा नव्हता, तालुक्यापलीकडच्या रुग्णालयात जायला गाडीभाडे नव्हते, आणि प्रकृती तर ठणठणीत वाटत होती. त्यांनी तीन महिने गोळी घेतली नाही. पुढच्या तपासणीत जोडजनुकाचा आकडा चढलेला निघाला आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावरही तो नीट उतरेना. भावकीत ‘सवय झाली, आता काही खरे नाही’ असे सुरू झाले. डॉक्टरांनी मात्र रक्त जनुकाच्या तपासणीला पाठवले. बदल सापडला, पण तो ३१५ व्या जागेचा नव्हता, दुसऱ्या गोळीला दाद देणारा होता. औषध बदलले आणि वर्षभरात आकडा खाली आला. खंड पडल्यामुळेच तो बदल फोफावला असे डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. ‘पण पेशींना मोकळे रान देऊ नका,’ एवढे मात्र त्यांनी बजावले. शेतकऱ्याला हे वाक्य लगेच समजले.

बरे वाटते म्हणून गोळी बंद करणे हा या रोगातला मोठा धोका आहे. बरे वाटते ते गोळीमुळे. अनेक वर्षे आकडा अगदी तळाशी राहिलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली बंद करून पाहतात. त्यांतल्या साधारण निम्म्यांत रोग परत डोके वर काढत नाही. पण तो निर्णय दर महिन्याच्या तपासणीसह डॉक्टरांनी घ्यायचा असतो. पेरणीच्या घाईत किंवा खिसा रिकामा आहे म्हणून घ्यायचा नसतो. गोळी संपत आली आणि पैसे नसतील तर तसे रुग्णालयात सांगावे. संकोचाने गप्प बसू नये.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येक जण घरातले पहिले शिकलेले आहेत. उद्या तुमच्याही हातात असा एखादा कागद येईल. त्यावरचे इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालेल. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: हा बिघाड वारशाने आलेला आहे की याच शरीरात झालेला? आकडा पुन्हा केव्हा तपासायचा? गोळी चुकली तर काय करायचे? आणि ही गोळी थांबली तर पुढची कोणती? उत्तरे वहीत लिहून घ्या आणि घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा, लग्न जमवणाऱ्यांच्या बैठकीतसुद्धा. रोगाच्या पेशी एका अक्षराच्या चुकीवर जगतात. माणसांच्या समजुतींतल्या चुका दुरुस्त करायला औषध लागत नाही. वाचता येणारे एक माणूस घरात असले तरी पुरते.